किती उशा लागतात?

रात्री झोपताना किती उशा लागतात? मेडिसिनच्या प्रॅक्टिकलची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत हा प्रश्न असतो. हृदय दुबळं झालं की आडवं पडल्यावर फुप्फुसांवर ताण येतो, दम लागतो आणि माणूस एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा घेत वर वर सरकत जातो. म्हणून उशा मोजायच्या. जेवढ्या उशा जास्त, तेवढा आजार पुढे गेलेला.

भिंडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो नुसता बघत राहिला. त्याच्या घरी उशीच नव्हती. बाजेवर झोपायचं आणि डोक्याखाली गुंडाळलेला गमछा घ्यायचा, ही त्याची आयुष्यभराची रीत. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. (न समजलेला प्रश्न मोठ्यानं विचारला की समजतो, अशी विद्यार्थ्यांची श्रद्धा असते.) शेवटी पायथ्याशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "रात भर पाटी पकड़ के बैठे रहत हैं." पाटी म्हणजे बाजेची आडवी कड. रात्रभर ती धरून बसणाऱ्या माणसाचा दम कोणत्या पायरीचा, हे कळायला खरं तर पुस्तक लागत नाही. पण माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. रकाना उशांचा होता.

माझी फायनलच्या परीक्षेची तयारी बव्हंशी अशीच झाली. पुस्तकातला रुग्ण आणि खाटेवरचा रुग्ण यांची गाठ घालून देणं, हे त्या तयारीतलं सगळ्यात मोठं काम होतं. त्याला अभ्यासक्रमात तास नव्हता.

मी लष्करातली. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि तो परत उठलाच नाही. त्याचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. त्या फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत दोन्ही. गजरा राजा मेडिकल कॉलेज १९४६ साली सुरू झालं. त्याला जोडलेलं जयारोग्य रुग्णालय त्याच्याही आधीचं, माधवराव शिंद्यांच्या काळातलं. त्याच्या जुन्या दगडी इमारतीला सगळं शहर 'पत्थरवाली बिल्डिंग' म्हणतं. बायका-मुलांसाठी कमला राजा रुग्णालय. आमच्या घरापासून हे सगळं सायकलच्या अंतरावर होतं, त्यामुळे मला वाटायचं, आपण इथल्याच, आपल्याला रुग्णाशी बोलायला काय अडचण येणार? अडचण आली. कारण वॉर्डात लष्कर थोडंच होतं. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर, झालंच तर राजस्थानातलं धौलपूर, असा चारी दिशांचा माणूस तिथे पोचायचा आणि दर पन्नास किलोमीटरवर दुखणं सांगायची तऱ्हा बदलायची.

बाहेरच्यांसाठी परीक्षेचा साचा थोडक्यात सांगते. एक लाँग केस. म्हणजे एक रुग्ण, साधारण पाऊण तास ते तासभर वेळ. त्यात हिस्टरी घ्यायची, डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, मग परीक्षकांपुढे उभं राहून इंग्रजीत केस मांडायची. मग दोन-तीन शॉर्ट केस, जिथे 'पोट तपासा' किंवा 'हे हृदय ऐका' एवढंच सांगतात आणि तुमच्या हातांकडे बघत राहतात. शेवटी टेबल वायवा, त्यात क्ष-किरण फोटो, औषधं, उपकरणं. लेखी परीक्षेत पाठांतरावर निभावतं. इथे हात थरथरलेले दिसतात.

तयारीसाठी सगळ्यांकडे दोन पुस्तकं असायची. एक हचिसनचं 'क्लिनिकल मेथड्स', १८९७ पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत आलेलं. दुसरं मुंबईच्या पी. जे. मेहतांचं 'प्रॅक्टिकल मेडिसिन', जे खास आपल्याकडच्या परीक्षेसाठी लिहिलेलं, म्हणून परीक्षेच्या महिन्यात तेच कोटाच्या खिशात. आणि तिसरी सीनियरची वही. ती हातोहात येत आलेली असायची आणि तिच्या समासात जे लिहिलेलं असायचं ते कुठल्याच पुस्तकात नसायचं. मला मिळालेल्या वहीत, मज्जासंस्थेच्या तपासणीच्या पानावर, लाल शाईत एकच ओळ होती: 'कॉफी नको, हिंग ने.'

पहिल्या मज्जातंतूची परीक्षा वासाने घेतात. रुग्णाने डोळे मिटायचे, एक नाकपुडी दाबायची, ओळखीचा वास ओळखायचा. पुस्तकात कॉफी असते. पण त्या काळी चंबळच्या खेड्यात कॉफी प्यायची कुणी? कॉफीच्या बाटलीचा वास घेऊन रुग्ण म्हणायचा, काहीतरी जळलंय. विद्यार्थी लिहायचा, वास ओळखता येत नाही. आणि मग परीक्षक विचारायचे, मेंदूच्या पुढच्या भागात गाठ आहे का? माझ्या पिशवीत आईच्या मिसळणाच्या डब्यातून उचललेली हिंगाची डबी होती आणि लवंगा होत्या. हिंग हुंगून डोळे मिटलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटायची ती बघण्यासारखी असायची.

बुद्धीची तपासणीही अशीच. शंभरातून सात वजा करत जायचं: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस यात पहिल्याच पायरीवर अडतो आणि कागदावर मतिमंद ठरतो. त्यालाच सांगा की शंभराची नोट आहे, सात रुपयांचं तेल घेतलं, परत सात रुपयांचं घेतलं, उरले किती? मुरैन्याच्या मंडीत मोहरी विकणारे एक काका हे गणित माझ्यापेक्षा वेगानं करत गेले. त्यांच्या उत्तरांची खात्री करायला मला बोटं मोजावी लागत होती आणि ते त्यांनी पाहिलं.

सगळ्यात अवघड होता काळ. 'चीफ कंप्लेंट' कालक्रमाने लिहायची असते: ताप सहा महिने, खोकला चार महिने, पायाला सूज तीन आठवडे. असं कोणी सांगत नाही. खोकला 'पिछली होरी से', सूज 'चैत कटने के बाद', म्हणजे गव्हाची कापणी झाल्यावर. त्यामुळे माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी हिंदी महिन्यांचं आणि सणांचं कोष्टक चिकटवलं होतं. त्यात एक गफलत होण्यासारखी जागा होती. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला मराठी महिना अमावस्येला. आजीच्या पंचांगावरून हिशेब केला तर कृष्ण पक्षात एका महिन्याचा फरक पडायचा. ताप किती दिवसांचा हे ठरवताना महिना इकडचा तिकडे झाला तर निदानाची यादीच बदलते.

वय तर कुणालाच ठाऊक नसायचं. 'होगी पचास-साठ.' इथे चंबळचा इतिहास उपयोगी पडायचा. डाकू मानसिंह १९५५ साली भिंडच्या भागात मारला गेला, ही त्या मुलखातली पक्की खूण होती. "जिस साल मानसिंह मरो, उसी साल हमाओ ब्याह भओ," असं एका आजोबांनी सांगितलं. लग्नात मिसरूड फुटलेली होती का, एवढं विचारलं की वय निघालं. दुसरी खूण १९७२ची, जयप्रकाश नारायणांपुढे जौऱ्याला बागींनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हाची. त्या उन्हाळ्यात कोण पोटात होतं, कोण रांगत होतं, हे बायकांना बिनचूक आठवायचं. सार्वजनिक आरोग्याच्या पाहण्यांत अशी स्थानिक घटनांची यादी रीतसर वापरतात, हे मला नंतर कळलं. आम्हाला ती एका वॉर्डातल्या आयाबाईंनी शिकवली. त्यांच्या हाताखालून डॉक्टरांच्या कितीतरी बॅच गेल्या होत्या.

दमाची पायरी जिन्यावर ठरवतात. एक मजला चढताना धाप लागते का? घराला मजलाच नसेल तर? मग हापशावरून घागर आणताना मध्ये टेकावं लागतं का, शेतावर जेवण पोचवायला पूर्वीइतकाच वेळ लागतो का, असं विचारायचं. सिगारेटचा हिशेब पाकिटं गुणिले वर्षं. आमच्याकडे बिडी, तीही बंडलात, बंडल पंचवीसचं. तेव्हा रोजच्या बिड्या गुणिले वर्षं. यात हुक्का कुठे बसवायचा यावर होस्टेलच्या मेसमध्ये वाद झडायचे आणि ते कधीच मिटले नाहीत. बायका तर बिडी ओढत नाहीत म्हणून 'धूम्रपान नाही' असं सगळे बिनदिक्कत लिहायचे, आणि त्याच बाईची फुप्फुसं चाळीस वर्षं बिडी ओढल्यासारखी असायची. शेणीच्या चुलीपुढे रोज किती तास आणि किती वर्षं, हे विचारायला आमच्या एका सरांनी शिकवलं. बिलौआच्या क्रशरवर किंवा दगडाच्या खाणीत काम केलेल्या माणसाला 'धंदा काय' विचारलं तर तो 'खेती' सांगायचा, कारण त्याच्या मते तो शेतकरीच, खाण म्हणजे पोटासाठी केलेली मधली मजुरी. पण सिलिकोसिस त्या मधल्याच वर्षांत होतो. म्हणून प्रश्न बदलायचा: शेतात काम नसतं तेव्हा काय करता? श्योपूरकडच्या सहरिया माणसाच्या छातीचा फोटो हातात घेण्याआधी क्षयाचा विचार करायचा, हेही असंच अंगवळणी पडलं. त्या समाजात क्षयाचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे, हे सरकारी पाहण्यांनीच दाखवलं आहे.

हिस्टरीबद्दल इतकं बोलते याचं कारण, मार्क तिथेच असतात असं नाही. उलट विद्यार्थी घाबरतात ते तपासणीला. हातांना.

पर्कशन म्हणजे एका हाताचं बोट छातीवर टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकायचं आणि आत हवा आहे, पाणी आहे की घट्ट काही, ते आवाजावरून ओळखायचं. ही युक्ती व्हिएन्नातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरची. त्याचे वडील खानावळवाले. पिपात दारू किती उरली हे पीप ठोकून कसं कळतं, ते त्यानं घरी पाहिलेलं असणार असं सांगतात. त्याचं पुस्तक १७६१ साली आलं आणि कुणी फारसं विचारलं नाही. १८०८ साली नेपोलियनच्या डॉक्टरनं, कोर्व्हिसारनं, त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे जगाला ते कळलं. मला मात्र ते कळलं आजी माठ घेताना. ती कुंभारापुढे उकिडवी बसून प्रत्येक माठ बोटाच्या पेरानं वाजवायची, कान थोडा कलता ठेवून, आणि ठोकण्याचा जोर तिन्ही-चारी ठिकाणी अगदी सारखा ठेवायची. त्या सारखेपणातच सगळं असतं. मनगटातून ठोकायचं, बोट लगेच उचलायचं, जोर बदलायचा नाही. मग मी भिंती वाजवल्या, जेवणाचं टेबल वाजवलं, धाकट्या भावाची छाती वाजवली. त्याचं यकृत कुठे सुरू होतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत झालं होतं.

ग्वाल्हेरची हवाही परीक्षक असते. मे महिन्यात वॉर्डात कूलर लावलेले असायचे आणि मायट्रल झडप अरुंद झाल्याचा मर्मर असतो खालच्या पट्टीतला, गुरगुरल्यासारखा. कूलरच्या घरघरीत तो शोधणं अशक्य. मग वॉर्डबॉयला विनवून पाच मिनिटं कूलर बंद करायचा. खाटांवरून नाराजीचा सूर उठायचा, नातेवाईक हातपंख्यानं वारा घालायला लागायचे आणि त्या पाच मिनिटांत स्टेथोस्कोप लावून उभ्या असलेल्या मुलीकडे सगळा वॉर्ड बघत असायचा. थंडीत उलट. जानेवारीत शहरावर धुकं असं बसतं की सकाळी दहापर्यंत सूर्य नसतो. कावीळ ओळखायची ती दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली डोळ्यांतला हलका पिवळा दिसत नाही, असं पुस्तक बजावतं. परीक्षा सकाळी आणि सूर्य दुपारी. सीनियरचा सल्ला असा की डोळे पाहा, जीभ वर करायला लावून खालचा भाग पाहा, आणि मांडताना प्रामाणिकपणे सांगा की उपलब्ध उजेडात दिसली नाही. थंडीत हातही गार. पोटावर गार हात पडला की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि प्लीहा सापडायची ती सापडत नाही. आम्ही परीक्षेच्या रांगेत उभे असायचो ते हात काखेत घालून.

काही गोष्टी मात्र हवेमुळे नाही, कातडीमुळे दिसायच्या नाहीत. मायट्रल स्टेनोसिसच्या रुग्णाच्या गालांवर जांभळट लाली येते, हे आम्ही सगळे घडाघडा म्हणायचो. मी ती आजतागायत एकाही रुग्णाच्या गालावर पाहिलेली नाही. लंडनच्या गोऱ्या गालांवर ती दिसत असेल. उन्हात रापलेल्या भिंडच्या गालांवर कशी दिसावी? तरीही परीक्षेत ती 'नाही' म्हणून नोंदवायची असते, आणि आम्ही नोंदवायचो.

ज्यांच्या शरीरात चांगल्या खुणा सापडतात ते रुग्ण परीक्षेच्या दिवसांत भारी लोकप्रिय होतात, हे सगळ्याच शिकवणाऱ्या रुग्णालयांत चालतं. मोठी प्लीहा, स्पष्ट मर्मर, छातीत नेमक्या पातळीपर्यंत पाणी. दुपारी चारनंतर अशा खाटेभोवती पांढरे कोट जमायचे. प्रत्येकाला तीच श्वासाची कवायत करून हवी. रुग्ण सोसतो, कारण त्याला वाटतं इतके डॉक्टर बघतायत म्हणजे आपण बरे होऊ. या समजुतीवर आमचं शिक्षण उभं आहे आणि ते मला तेव्हाही खटकायचं. आमच्या युनिटचे एक सर यावर साधा उपाय करायचे. केस लिहायच्या कागदावर सगळ्यात वर रुग्णाचं गाव आणि सोबत कोण राहतंय ते लिहायचं, आणि ते लिहिलेलं नसेल तर पुढची केस ऐकायचीच नाही. यानं रुग्णाचा त्रास कमी झाला असं म्हणवत नाही. पण निदान आधी बोलणं होई, मग हात लागे.

आणि काही रुग्ण इतके मुरलेले की तेच आमचे शिक्षक. झडपेच्या आजारानं वरचेवर दाखल होणारा एक तिशीतला माणूस होता. मी त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप इकडेतिकडे फिरवतेय, मला काही ऐकू येत नाहीये, हे ओळखून तो आपणहून डाव्या कुशीवर वळला आणि म्हणाला, "अब घंटी वाली तरफ से सुनो. साँस छोड़ के रोकत हूँ." पुस्तकात नेमकं हेच लिहिलेलं आहे: डावी कूस, स्टेथोस्कोपची बेल, श्वास सोडून थांबवलेला. तो मर्मर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. लाएनेकनं १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीवर लावली तेव्हा त्याला जे ऐकू आलं असेल त्याचा विचार करायला तेव्हा फुरसत नव्हती, मागे तीन मुलं नंबर लावून उभी होती.

कमला राजामध्ये वेगळीच तऱ्हा. तिथे हिस्टरी सासू सांगायची आणि सून घुंगटाच्या आत. आमच्या बॅचच्या मुलांची तिथे फार पंचाईत व्हायची. मुली म्हणून आम्हाला घुंगटाच्या आत डोकावता यायचं, पापणी खाली ओढून रक्त किती कमी आहे ते बघता यायचं. पण खरी गोम मोजणीत होती. आधीची बाळंतपणं किती, हा प्रसूतिशास्त्राच्या केसमधला पहिला आकडा. 'बच्चे कितने?' असं विचारलं की उत्तर यायचं, 'दो.' केस मांडून झाली की कळायचं, पाच. दोन मुलगे, तीन मुली, आणि मुली बच्चे या हिशेबात धरलेल्याच नाहीत. मग आम्ही 'मोड़ा कितने, मोड़ी कितनी' असं वेगवेगळं विचारायला लागलो, आणि त्याच्या पुढे, जे राहिले नाहीत ते किती. हा शेवटचा प्रश्न सासूच्या देखत विचारायचा नसतो. ती चहा आणायला गेली की विचारायचा.

माझी लाँग केस नेमकी बाईची आली. दतिया जिल्ह्यातली, चाळिशीच्या आतबाहेरची, पायावर सूज, बोलताना धाप. परीक्षेच्या दिवशी नातेवाइकांना बाहेर ठेवतात, त्यामुळे सासू नव्हती, नवरा नव्हता. आणि ही बाई बोलायला लागली ती थांबेना. लहानपणी सांधे सुजून महिनाभर पडून होती इथपासून सुरुवात, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाची हिस्टरी आपसूक हातात. तिसऱ्या बाळंतपणात दम लागला, तो मग राहिलाच. हल्ली रात्री आडवं होता येत नाही, धान्याच्या कुठियाला टेकून बसते. आणि कधी कधी डोळा लागला तर 'जब बिजली आत है' तेव्हा गुदमरून उठते, दार उघडून अंगणात जाते. गावात शेतीच्या पंपाची वीज मध्यरात्रीनंतर यायची, नवरा पाणी धरायला उठायचा आणि त्याच वेळी हिला जाग यायची.

मी हे सगळं इंग्रजीत मांडलं. बाहेरगावाहून आलेले परीक्षक ऐकत होते. कुठियाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"हाऊ मेनी पिलोज, डॉक्टर?"

मी मातीच्या कोठीबद्दल पुन्हा सांगायला गेले.

"पिलोज."

"टू, सर."

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आजही तिथे उभी केली तर मी 'टू'च म्हणेन. परीक्षेची एक बोली असते, ती त्या पाऊण तासात बदलायला जाऊ नये. पण इथलेच असलेले दुसरे परीक्षक हसले, पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं की त्या गावात वीज किती वाजता येते. मी सांगितलं, रात्री एकच्या सुमारास. झोपल्यापासून किती तासांनी? तीन-चार. मग रात्री अचानक येणारी धाप आणि आडवं पडताच लागणारी धाप यांत फरक काय, तो का पडतो, झोपेत पायांतलं पाणी रक्तात परतायला किती वेळ लागतो, असा वायवा रंगत गेला. त्या खाटेवरची बाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. कॉट सोडताना तिनं मला विचारलं, "पास हो गईं?"

आता मीही अधूनमधून परीक्षक म्हणून बसते. काळ बदललाय. डंडीच्या रोनाल्ड हार्डननं १९७५ साली जी पद्धत काढली, ठरावीक मिनिटांची स्टेशनं, घंटा वाजली की पुढे सरकायचं, प्रत्येकाला तोच प्रश्न आणि तीच गुणपत्रिका, ती ऑस्की आता आपल्याकडेही रुजतेय. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणं हा शिकवायचा विषय झाला आहे, स्किल लॅबमध्ये पुतळ्यांवर हात बसवतात. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत आली. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतली नाही. लाँग केस हा मोठा जुगार होता. एकाला बोलकी बाई मिळायची, दुसऱ्याला बहिरे आजोबा, आणि दोघांना मार्क मात्र एकाच फूटपट्टीनं. ऑस्कीत हा अन्याय कमी होतो. शिवाय दमलेल्या रुग्णाच्या पोटावर पंधरावा गार हात पडण्यापेक्षा पहिले चौदा पुतळ्यावर पडलेले बरे. मला खटकतं ते एवढंच, की स्टेशनवर पढवून बसवलेला रुग्ण पुस्तकातलाच रुग्ण असतो. त्याला तारखा पाठ असतात.

माझी भाची सध्या नागपूरला फायनलला आहे. तिच्या वॉर्डात गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण, सिकल सेलची पोरं, तोंडाच्या कर्करोगाचे तरुण. मागच्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला.

"आत्या, खर्रा कसा मोजायचा गं? बिडीचं सूत्र आहे, सिगारेटचं आहे. याचं काहीच नाही."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली विदर्भातली पुडी. मी म्हटलं, रोजच्या पुड्या गुणिले वर्षं लिही.

"तेच लिहिलं होतं. पण तो दादा म्हणतो एक पुडी दिवसभर पुरते, आणि त्याची बायको म्हणते दिवसाला चार आणतो."

"मग एका पुडीत किती जण खातात ते विचारलंस?"

ती गप्प झाली. मग मागे चपलांचा आवाज आला. फोन न ठेवताच ती वॉर्डाकडे निघाली होती.